तळोज्याची प्रतीक्षा आणि तिमाहीचा अंदाज

५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाच्या उद्योगविषयक उपसमितीने चार मोठ्या प्रकल्पांना मान्यता दिली. त्यांतला सर्वांत मोठा प्रकल्प पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत व्हायचा होता. इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर ही कंपनी आणि अदानी समूह यांनी मिळून तेथे चिपचा कारखाना उभारावा, दोन टप्प्यांत ८३,९४७ कोटी रुपये गुंतवावेत, पहिल्या टप्प्यात दरमहा ४०,००० आणि दुसरा टप्पा पूर्ण झाल्यावर ८०,००० वेफर तयार व्हावेत, असा तो बेत होता. पनवेल परिसराला ही वार्ता आनंददायक वाटली, यात नवल नाही. ज्या तालुक्याने मुंबईच्या वाढीसाठी आपली भातशेती दिली, त्याच्या दारात एकविसाव्या शतकाचा सर्वांत प्रतिष्ठित उद्योग येऊ घातला होता. अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या घरी त्या वर्षी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हा शब्द नव्या आदराने उच्चारला गेला.

त्यानंतर आठ महिनेही लोटले नव्हते. एप्रिल २०२५ संपता संपता रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली की, अदानी समूहाने टॉवरबरोबरची बोलणी थांबवली आहेत. त्या चिपना भारतात कितपत मागणी येईल याची खात्री समूहाला वाटली नाही, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले. मान्यतेची बातमी पहिल्या पानावर झळकली होती; विरामाची बातमी अर्थविषयक पानावर आली आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटली. पुढे हा बेत पुन्हा उभा राहो वा न राहो, तळोज्याच्या निमित्ताने एका प्रश्नाचा नीट विचार व्हायला हवा. चिपचा कारखाना आपल्याला नेमका कशासाठी हवा आहे?

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. उद्योजकाने पैसा गुंतवण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, यात गैर काही नाही. खुद्द टॉवर कंपनीचाच इतिहास पाहावा. ५४० कोटी डॉलरना ती विकत घेण्याचा करार इंटेलने केला होता. चीनच्या नियामकांची संमती मुदतीत आली नाही म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये तो व्यवहार मोडला आणि इंटेलला ३५ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मोजावी लागली. जेथे एवढे बलाढ्य व्यवहार तिसऱ्याच देशाच्या मौनामुळे कोसळतात, तेथे तळोज्यातल्या भूखंडाचे भवितव्य मंत्रालयातल्या एका बैठकीत पक्के झाले असे मानणे हा भाबडेपणा होता. वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ मध्ये तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून आपल्याकडे केवढे रण माजले! जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. ज्या कारखान्यासाठी दोन शेजारी राज्ये एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होती, तो त्या रूपात कोठेच उभा राहिला नाही.

या उद्योगाचे चलनवलन समजून घेतल्याशिवाय त्याच्या बेभरवशाचे कारण कळत नाही. अमेरिकेतील कंपन्या दर तीन महिन्यांनी नफातोटा जाहीर करतात आणि त्याबरोबर पुढच्या तिमाहीत विक्री किती होईल याचा अंदाजही सांगतात. बाजार झाल्या-गेल्या नफ्यापेक्षा या अंदाजाकडे अधिक कान देतो. चिप कंपन्यांचा अंदाज तर सर्व क्षेत्रांतील लोक ऐकतात, कारण आज मोबाइलपासून मोटारीपर्यंत आणि विजेच्या मीटरपासून धुलाईयंत्रापर्यंत चिपवाचून काहीच चालत नाही. गिऱ्हाईक कमी होणार अशी नुसती शंका आली, तरी कारखानदार आधी सुट्या भागांची मागणी आखडती घेतो. उरणचे कोळी बांधव वादळ किनाऱ्यावर येण्याची वाट पाहत नाहीत. दर्याचा रंग पाहूनच होड्या वर ओढतात. चिपची मागणी हा जगाच्या अर्थव्यवस्थेचा तसा दर्याचा रंग आहे.

त्यामुळेच या धंद्यातील चढउतार छातीत धडकी भरवणारे असतात. २००० मध्ये जगातील चिपविक्री २०,००० कोटी डॉलरच्या पुढे होती. २००१ मध्ये ती जवळपास एक-तृतीयांशाने घसरली. २००९ मध्ये ९ टक्क्यांनी घटली आणि लगेच २०१० मध्ये ३० टक्क्यांहून अधिक वाढली. २०२३ मध्ये पुन्हा ८ टक्के घट, तर २०२४ मध्ये १९ टक्के वाढ. एका वेफरवरचे काम पूर्ण व्हायला सुमारे तीन महिने लागतात, यंत्रे रात्रंदिवस चालवावी लागतात, आणि ती यंत्रे इतकी महाग असतात की चालू असोत वा बंद, त्यांचा घसारा चुकत नाही. मागणी पडली की माल साठतो, भाव कोसळतो. यंत्रांवरचा खर्च काही कमी करता येत नाही. कमी करता येण्याजोगी गोष्ट एकच उरते आणि ती म्हणजे माणूस.

हे चित्र २००८-०९ च्या जागतिक मंदीत लख्ख दिसले. २००८ च्या अखेरच्या तिमाहीत इंटेलचा नफा ९० टक्क्यांनी घटला. जानेवारी २००९ मध्ये तिने मलेशियातील पेनांग आणि फिलिपिन्समधील कव्हिते येथील जुळणी व तपासणीचे कारखाने, तसेच अमेरिकेतील दोन जुने कारखाने बंद करण्याचे ठरवले. पाच ते सहा हजार कामगारांवर त्याचा परिणाम होणार होता. त्याच महिन्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ३,४०० जागा कमी केल्या. एप्रिल उजाडला आणि इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी म्हणाले की, संगणकांच्या विक्रीने तळ गाठला आहे, आता वाट वरची आहे. त्यांचा अंदाज खरा ठरला. कंपन्या सावरल्या, समभाग वधारले. पण अमेरिकेतील बेरोजगारीचा दर? तो वाढतच राहिला. ऑक्टोबर २००९ मध्ये तो १० टक्क्यांवर पोहोचला आणि २०११ च्या उत्तरार्धापर्यंत ९ टक्क्यांच्या आसपास रेंगाळला. नफा आधी परततो, काम सर्वांत शेवटी. कंपनीची तिमाही तीन महिन्यांची असते. काम गेलेल्याच्या घरातील तिमाही दोन-दोन वर्षे चालते.

भारतालाही त्या वादळाची झळ लागली होती. केंद्र सरकारच्या श्रम विभागाच्या पाहणीनुसार ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीन महिन्यांत निर्यातीशी निगडित क्षेत्रांतील सुमारे ५ लाख लोकांचा रोजगार गेला. सुरतेचे हिरे कारागीर आपापल्या गावी परतले, ते दृश्य पुष्कळांना आठवत असेल.

याच मंदीतील तैवानची एक घटना आमच्या मते अधिक अभ्यासण्याजोगी आहे. जगातील सर्वांत मोठी चिपनिर्माती टीएसएमसी हिने २००९ च्या आरंभी कामगिरी कमी पडल्याचे कारण देऊन शेकडो कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. कामावरून काढलेली माणसे संस्थापक मॉरिस चँग यांच्या निवासस्थानासमोर जाऊन बसली. चँग यांनी त्यांना पुन्हा कामावर येण्याचे निमंत्रण दिले आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, कंपनीची धुरा पुन्हा हाती घेतली. पुढच्याच वर्षी भांडवली खर्च दुपटीहून अधिक वाढवून त्यांनी तो जवळपास ६०० कोटी डॉलरवर नेला. मोबाइलचे युग दारात उभे होते आणि अनुभवी हात कंपनीपाशी होते. चँग हे काही धर्मादाय संस्था चालवत नव्हते. मंदीत सोडलेला कसबी माणूस तेजीत परत मिळत नाही, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

अलीकडच्या तेजीने तर जुने ठोकताळेही मोडले आहेत. पूर्वी उद्योग वर गेला की त्यातील सगळेच वर जात. ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे तळोज्याच्या प्रकल्पाला मान्यता मिळण्याच्या महिनाभर आधी, इंटेलने सुमारे १५,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात एनव्हिडियाने आपली तिमाही विक्री वर्षभरात दुपटीहून अधिक झाल्याचे सांगितले. गुजरातमधील साणंद येथे कारखान्याची घोषणा करणाऱ्या मायक्रॉनचेही तसेच. घोषणा जून २०२३ ची. त्याआधी सहाच महिने कंपनीने जगभरातील मनुष्यबळ सुमारे १० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले होते आणि ते आर्थिक वर्ष तिने ५८० कोटी डॉलरच्या तोट्यात संपवले. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि तीच कंपनी २०२५ मध्ये ८५० कोटी डॉलरच्या नफ्यात गेली. या उद्योगाचा नोकरवर्ग कोणत्या क्षणी कोणत्या बाजूला असेल, हे सांगणे कठीण झाले आहे. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १२,००० हून अधिक, म्हणजे सुमारे २ टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचे कारण दिले. ती नोकरी म्हणजे सरकारी नोकरीसारखीच, असे मानून ज्यांनी वीस वर्षांचे गृहकर्ज घेतले होते, त्यांच्या घरात तो आठवडा कसा गेला असेल, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता रोजगाराच्या हिशेबाकडे वळू. धोलेरा येथील टाटांच्या चिप कारखान्याची गुंतवणूक ९१,००० कोटींची आणि त्यातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष २०,००० रोजगार निर्माण होतील असे सांगितले गेले. म्हणजे अप्रत्यक्ष रोजगार धरूनही एका रोजगारामागे साडेचार कोटी रुपये. साणंदच्या प्रकल्पाची गुंतवणूक २२,५१६ कोटी, थेट रोजगार ५,०००. येथेही एका नोकरीमागे साडेचार कोटीच. त्यातील ५० टक्के भार केंद्र सरकारने आणि २० टक्के गुजरात सरकारने उचलला, म्हणजे दर नोकरीमागे सुमारे ३ कोटी रुपये जनतेचे. आता त्याच ५ सप्टेंबरच्या बैठकीत मान्य झालेला अमरावतीचा रेमंडचा कापड प्रकल्प पाहावा. गुंतवणूक १८८ कोटी, रोजगार ५५०. एका रोजगारामागे ३४ लाख. त्या प्रकल्पाचे नाव किती वाचकांच्या लक्षात आहे?

म्हणून चिपचे कारखाने नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ते हवेतच. क्षेपणास्त्र, उपग्रह, वीजजाळे, बँकव्यवहार हे सारे ज्या वस्तूवर चालते, ती वस्तू अडचणीच्या वेळी परक्याच्या मर्जीवर असणे कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला परवडणारे नाही. मोहालीच्या सरकारी चिप कारखान्यात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये तो आगीत भस्मसात झाला आणि आपण त्या क्षेत्रात कित्येक वर्षे मागे पडलो. ती उणीव भरून काढण्यासाठी तिजोरी उघडावी लागली तर अवश्य उघडावी. मात्र तो खर्च संरक्षणाच्या खात्यावर मांडावा, रोजगाराच्या खात्यावर नव्हे. दोन्ही खाती एकत्र लिहिली की दोन्हीकडे फसगत होते.

हा भेद पनवेलकरांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. शेजारीच रसायनी आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा तेथील कारखाना म्हणजे एके काळी या परिसराचे वैभव होते. त्याच्या भोंग्यावर घड्याळे लावली जात. तेथे चिकटलेल्या मुलाला मुलगी देताना फार चौकशी करावी लागत नसे. स्वस्त आयातीपुढे आणि स्वतःच्या तोट्यापुढे तो टिकला नाही. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतील तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. एकच विभाग वाचला. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड तेथे तयार होत असे, म्हणून तो अंतराळ संशोधन संस्थेकडे सुपूर्द झाला. राष्ट्राची निकड भागली आणि तसे होणे योग्यच होते. उरलेल्यांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले.

या भूमीला अशा हिशेबांची जुनी ओळख आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांची जमीन घेतली गेली. मोबदल्याच्या न्यायासाठी लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचे बलिदान झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. आज त्याच भूमीवर विमानतळ उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तेथून विमाने उडू लागली. भूखंडाचा प्रश्न काही प्रमाणात सुटला. भूखंड विकून आलेले पैसे संपल्यावर पुढच्या पिढीने काय करायचे, तो प्रश्न सुटलेला नाही.

सरकारी आकडे या बाबतीत धीर देणारे आहेत, पण ते वाचता आले पाहिजेत. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. ही सुधारणा खरी आहे. मात्र त्याच सर्वेक्षणात १५ ते २९ वयोगटाचा दर १०.२ टक्के आहे. आणि साप्ताहिक मोजणीत, आठवड्यातून एखाद्या दिवशी तासभर काम केलेला मनुष्यही रोजगारात धरला जातो. ही व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे, कोणी लबाडीने केलेली नाही. पण चाळीस हजारांची नोकरी गेल्यानंतर दुचाकीवरून जेवणाचे डबे पोहोचवणारा अभियंता या आकड्यात बेरोजगार म्हणून दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

अशा माणसासाठी आपल्याकडे काय तरतूद आहे? कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आहे. नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम तिच्यातून मिळू शकते, पण मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांचे वेतन देण्याची तरतूद आहे, ती स्वागतार्ह आहे. पण कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट आता १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांनाच उरली. औद्योगिक संबंध संहितेतील अशा तरतुदींना भारतीय मजदूर संघाने २०२० मध्येच हरकत घेतली होती. वर्ध्याच्या आर्वीत जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये भोपाळला त्या संघटनेची स्थापना केली. ‘उद्योगांचे श्रमिकीकरण’ हा विचार त्यांनी मांडला, तेव्हा तो अनेकांना अव्यवहार्य वाटला होता. तिमाहीच्या अंदाजावर माणसे कमी करणाऱ्या कंपन्यांच्या काळात तो पुन्हा उघडून पाहायला हरकत नाही.

महाराष्ट्रापाशी या बाबतीत स्वतःची एक मोठी परंपरा आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे प्रयोग करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली आणि पुढे तिचा कायदा झाला. तिला पैसा लागणार म्हणून १९७५ मध्ये व्यवसायकर आला. पगाराच्या स्लिपमध्ये दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते हेच. मुंबईच्या कारकुनाने बीडच्या शेतमजुराच्या कामासाठी वर्षाला काही पैसे द्यायचे, असा तो करार होता आणि शहरी मध्यमवर्गाने तो गेली पन्नास वर्षे कुरकुर न करता पाळला आहे. आज त्याच मध्यमवर्गाच्या घरात नोकरी जाण्याची वेळ आली आहे. त्याच करातून किंवा त्याला जोड देऊन, २१,००० रुपयांहून अधिक वेतनाच्या नोकरदारांसाठी सहा महिन्यांचा रोजगारविमा राज्य सरकारला उभारता येईल. चिपच्या एका नोकरीमागे ३ कोटी देता येतात, तर याचा विचार अशक्य कोटीतला नाही. ज्या कंपन्यांना असे भरघोस साहाय्य मिळते, त्यांनी दरवर्षी प्रत्यक्ष दिलेल्या नोकऱ्यांचा आकडा जाहीर करावा आणि कपातीची पूर्वसूचना द्यावी, ही अटही साहाय्याच्या करारातच असावी.

विद्यार्थ्यांच्या पालकांनाही एक सांगावेसे वाटते. चिपच्या कारखान्यात चिपची रचना करणारे थोडेच असतात. अतिशुद्ध पाणी, विषारी वायूंची हाताळणी, निर्वात पंप, वातानुकूलन आणि मोजमापाची उपकरणे सांभाळणारे हात तेथे अधिक लागतात. तळोज्याच्या रसायन आणि औषध कारखान्यांत हेच काम आज चालते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उपकरण-तंत्रज्ञ होऊन बाहेर पडलेला मुलगा चिपचा कारखाना आला तर तेथे जाईल आणि नाही आला तर औषधाच्या कारखान्यात काम करील. (कासाडी नदीची जी दशा या वसाहतीने केली, ती पाहता पाणी शुद्ध करणाऱ्या तंत्रज्ञाला येथे काम कमी पडण्याचे कारणच नाही.) पनवेलमध्येच १८७२ पासून चालत आलेला धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा उद्योग आहे. कोणत्याही परदेशी कंपनीच्या तिमाही अंदाजाने त्याची घडी विस्कटलेली नाही.

आणि एक काम सरकारचे नाही, आपले आहे. नवीन पनवेल, कामोठे, खारघरच्या गृहसंकुलांत नोकरी गेल्याची गोष्ट लपवली जाते. सकाळी नेहमीच्या गाडीने निघायचे, दिवस कोठेतरी काढायचा आणि संध्याकाळी डबा रिकामा करून परत यायचे. बायकोला माहीत असते, शेजाऱ्याला नसते, गावाकडच्या वडिलांना तर नसतेच. आपल्या वस्तीत घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांना अशी घरे ओळखू येतात. इमारतीच्या वर्गणीसाठी त्या दारावरची टकटक चार महिने थांबवता येईल, मुलाच्या शिकवणीची सोय परस्पर करता येईल, आणि ओळखीच्या लहान कारखानदाराला एक दूरध्वनी करता येईल. तळोज्यात असे लहान कारखानदार पुष्कळ आहेत आणि कामाची माणसे मिळत नाहीत, ही त्यांतल्या अनेकांची नेहमीची तक्रार आहे.